वामनकाकांच्या दोन खोल्या

वामनकाका राम राम करत नाहीत, आधी दंड धरतात. समोर सरपंच असो की पोस्टमन, कोपराच्या वर त्यांची पकड बसते आणि प्रश्न येतो, "याच्यात दोन खोल्या आहेत. मालूम आहे का?"

आमच्या सानगडीत हे मालूम नसलेला माणूस आता उरला नाही. हाडाच्या दोन्ही बाजूंना पडदा. पुढच्या खोलीत तीन स्नायू, मागच्या खोलीत एकच, पण तीन तोंडांचा. कोपर दुमडायचं काम पुढच्यांचं, सरळ करायचं मागच्याचं.

व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवून दाखवायला आली की काका चिडतात. "वरचा फुगते म्हणून सारे त्यालेच पाहतेत. खरं काम त्याच्या खालचा करते. त्याचं नाव घे!" ब्रॅकिआलिस असं नाव घेतल्याशिवाय दंड सुटत नाही.

काका डॉक्टर नाहीत. नागपूरला एका मेडिकल कॉलेजात, मुलं जिथे मृतदेहांवर शिकतात त्या हॉलचे ते तीस वर्षं शिपाई होते. देह टेबलावर ठेवायचे, झाकायचे, मधल्या वेळात मास्तरांचं शिकवणं उभ्यानं ऐकायचे. लग्न केलं नाही. रिटायर होऊन गावी आले, आमच्या शेजारी एकटे राहू लागले.

गेल्या धानकापणीत मी तलावाच्या पाळीवरून घसरलो आणि माझा उजवा दंड मधोमध मोडला. लोक जमले. एकजण तेल लावून चोळायला बसणार, तेवढ्यात काका धावत आले.

"हात नको लावू! मागच्या खोलीत हाडाले चिपकून नस जाते!" मग माझ्याकडे वळून, "पंजा वर उचल."

उचलेना. पंजा नुसता लोंबत होता. काकांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझा हात छातीशी बांधला आणि जीपमध्ये भंडाऱ्यापर्यंत शेजारी बसून आले. डॉक्टर म्हणाले, "नस दबली आहे, बहुतेक तुटलेली नाही. चोळलं नाही, हे फार बरं केलं."

हाड जुळलं, पंजा मात्र उठेना. काका रोज सकाळी यायचे, माझा पंजा आपल्या तळहातावर घेऊन वरखाली करायचे.

"काका, काहून इतका तरास करून राहिले?"

"चूप. उचल."

होळीच्या आधी एका सकाळी मनगट हललं. बोटभरच. "पुन्हा," काका म्हणाले. मी पुन्हा उचललं, ओरडून बायकोला हाक मारली आणि वळून पाहतो तर काका रडत होते.

"काय झालं काका?"

"हॉलमंधी कोणी नसलं का मी टेबलावरच्याचा हात धरून म्हणो, उचल बाप्पा, एकडाव तरी उचल." त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "तीस वर्षं म्हटलं. एकानंबी नाही उचलला रे."

बायको चहा घेऊन आली. काकांनी कपाकडे पाहिलंही नाही.

"अजून एकडाव," ते हळूच म्हणाले.

मनगट ठणकत होतं. तरी मी उचललं. मग आणखी कितीदा तरी.