अख्खं अकोट एम

बाईमाणूस दुकानाची पायरी चढायच्या आत तिची साईज ओळखणारा माणूस अख्ख्या अकोटात एकच, आणि तो म्हणजे गजेंद्र! हे लोक म्हणत नसत, गजेंद्रच म्हणायचा. बस स्टँडसमोर त्याचं कुर्त्या-घागऱ्यांचं दुकान, 'मोनाली लेडीज कलेक्शन'. नाव लाडक्या लेकीचं. दुकानात टेप ठेवायचीच नाही. "टेप कायले पायजे? देवानं डोये दिले ना!" असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

आता नजर कितीही पक्की असली तरी ती तोंडावाटे बाहेर काढायची नसते, एवढी अक्कल माणसाला हवी. ती त्याला पार्बताबाईंनी शिकवली. पार्बताबाई म्हणजे महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी जांभळा कुर्ता उचलला आणि त्यातला एम मागितला.

"मावशी, तुमाले डबल एक्सेल लागन."

"कोणाले?"

"तुमाले."

"म्हैस दिसून राहिली का मी तुले?"

कुर्ता काउंटरवर आदळून पार्बताबाई निघाल्या, आणि जाताना मंडळाच्या एकवीस बाया सोबत घेऊन गेल्या. अध्यक्षांचा अपमान तो मंडळाचा अपमान! त्यानंतर पंधरा दिवस गजेंद्र दुकानात माशा मारत बसला.

सोळाव्या दिवशी त्याला युक्ती सुचली. दुकानाच्या मागच्या खोलीत परवीनभाभी मशीनवर बसून कपडे बसते करून द्यायच्या. गजेंद्रनं त्यांच्यापुढे अकोल्याहून आणलेला लेबलांचा भलामोठा रोल ठेवला.

"भाभी, जुने लेबल उसवा. सगळ्याईले हे एमचं लावा."

"सगळ्याईले?"

"सगळ्याईले! मोठा माल वरच्या फयीवर ठेवू, लहान खालच्या. कोणाले कोणचा द्याचा ते मी पाहतो."

"भाऊ, हे तं झूट हाय."

"झूट नाही भाभी, अदब हाय!"

आता अदबीपुढे परवीनभाभी काय बोलणार? त्यांनी मशीन सुरू केली.

गजेंद्र जातीनं पार्बताबाईंच्या घरी गेला. "मावशी, चुकलो! डोयात कचरा गेल्ता. तुमाले एमच बसते." वरच्या फळीवरचा जांभळा कुर्ता घालून त्या आरशापुढे उभ्या राहिल्या, कॉलर उलटी करून लेबल तीनदा वाचलं आणि घासाघीस न करता तो कुर्ता घेतला! त्या दुकानात असं आजवर घडलं नव्हतं.

मग काय विचारता! एकवीसच्या एकवीस बाया परत आल्या. त्यांच्या सुना आल्या, नणंदा आल्या. तीन महिन्यांत अख्खं अकोट एम झालं. पोपटखेड रोडवर पहाटे फिरायला जाणाऱ्या बायांचा ग्रुप बंद पडला. आता कशाला तंगड्या तोडायच्या? कुणाचा दुसरीकडून घेतलेला एम खांद्याच्या खाली उतरला नाही, तर ती बाई म्हणायची, "अकोल्यावाले कपडा चोरून राहिले, पाह्य!"

घरात बायको आरतीही एम. मोनाली झाल्यापासून तिला हे अक्षर लाभलं नव्हतं. घरात तरी खरं सांगून टाकावं असं गजेंद्रला दोनदा वाटलं. पण दोन्ही वेळा आरतीनं त्याच्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला, आणि सांगायचं राहून गेलं.

अशात मोनालीची सोयरीक अमरावतीला जुळली. पोरगा बँकेत, माणसं चांगली. साक्षगंधाची तारीख निघाली. साक्षगंधात अंगठी घालायच्या आधी नवरीला नेसवायचा कपडा पोराकडचे आणतात, ही आपल्याकडची रीतच. पोराची आई वच्छलाबाई. त्यांनी थेट मोनालीला फोन करून साईज विचारली.

मोनालीनं जन्मात दुसऱ्या दुकानातून कपडा घेतला नव्हता. बापाचं दुकान असताना कोण घेईल? ती म्हणाली, "एमच बसते, आई!"

जेवताना तिनं हे कौतुकानं सांगितलं, आणि गजेंद्र अर्ध्या ताटावरून उठला. त्यानं हात धुतला, दुकानात येऊन होणाऱ्या विहीणबाईंना फोन लावला.

"इनबाई, घागरा जरासा मोठा आणजा."

"काहून? पोरगी तं एम म्हणे."

"एमच हाय. पण मोठा आणजा."

"एम हाय तं मोठा काहून?"

"नाही म्हणजे... वाढत्या अंगाची हाय ना."

पंचवीस वर्षांची पोरगी! पलीकडे वच्छलाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"इवाई, आठ दिवसाआधी पाहिली तवा पोरगी बरी होती. आता कायनं वाढून राहिली? काही लपवून तं नाही राहिले ना?"

"छे छे! काहीच नाही! एमच आणा!"

साक्षगंधाच्या दिवशी हॉलमध्ये अर्धं अकोट जमलं होतं, आणि त्यातल्या सगळ्या बाया एम. वच्छलाबाई आल्या त्या तोंड फुगवूनच. त्यांनी मोनालीची ओटी भरली, हातात घागऱ्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, "जा, घालून ये. मले इथंच पाहू दे."

ब्लाउज कोपराच्या वर चढेना. आरतीनं ओढला, मोनालीच्या सख्ख्या मावशीनं ओढला, परवीनभाभींनी बाजूच्या शिवणी उसवून पाहिल्या. ओढताना चेन तुटली. पाऊण तास झाला तशा वच्छलाबाई आत घुसल्या, आणि आल्या पावली बाहेर आल्या.

"थांबवा कार्यक्रम! एवढ्यातच पोरगी एमची काय झाली ते आधी सांगा! मले डॉक्टरचा कागद पायजे!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. शाल गुंडाळून मोनाली दारात उभी राहिली. काजळ गालावर उतरलं होतं. "पप्पा, मी एमच हाय ना?"

गजेंद्रपुढे एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे झाडून सगळं गिऱ्हाईक! पण दुकान बुडालं तर भज्यांची गाडी लावता येते. पोरीच्या नावाला बट्टा लागला तर तो कुठल्या मशीनवर काढणार? त्यानं सरळ माईक घेतला.

"ऐका! मोनाली एम नाही. आरती एम नाही. पार्बतामावशी, तुमी तं नाहीच नाही! अकोटात कोणीच एम नाही! मी सगळे लेबल बदलोले. खोट माह्या पोरीत नाही, खोट माह्या दुकानात हाय!"

"खुदा की कसम, माह्या हातानं लावले मी!" परवीनभाभी मागून ओरडल्या.

पार्बताबाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि सावकाश गजेंद्रसमोर आल्या. गजेंद्रनं डोळे मिटून गाल पुढे केला.

पार्बताबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"असा बाप पाहिला नाही बाप्पा!" त्या वच्छलाबाईंकडे वळल्या. "लहान घागरा आणला तुमी, अन् तुमची इज्जत वाचवाले हा गरीब सोताले खोटारडा म्हणून राहिला!"

"मावशी, खरंच सांगून राहिलो, लेबल मी..."

"गप बस! किती भला होशीन!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. भजनी मंडळाच्या एकवीस बायांनी वच्छलाबाईंना घेरलं आणि साडीवाल्या सोडून बाकी सगळ्यांनी कॉलरी उलट्या केल्या. "हा पाहा एम! हा बी पाहा! आमी काय आंधळ्या हाओत?" परवीनभाभींची तर एकीनं पाठ थोपटली. मालकासाठी खोटी शपथ घेणारी माणसं आता राहिली आहेत कुठं?

एवढ्या एमपुढे एकट्या वच्छलाबाई काय टिकणार! "चुकलं माह्यं," त्या पुटपुटल्या. "अमरावतीच्या दुकानदारानं फसोलं मले." मोनालीला त्यांनी पोटाशी धरलं, तशी ती पुन्हा रडली. परवीनभाभी पळत दुकानातून घागरा घेऊन आल्या. तो मोनालीला बेतल्यासारखा बसला. लेबल एमचंच होतं. पोरानं अंगठी घातली, गजेंद्र खुर्चीत कोसळला आणि आरतीनं त्याला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई अमरावतीला निघण्याआधी एकट्याच दुकानात आल्या. इकडं तिकडं पाहत म्हणाल्या, "इवाई, मले बी दाखवा एक." गजेंद्रनं वरच्या फळीला हात घातला. हिरवा कुर्ता घेऊन त्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक पुसत होत्या.

"एकोणतीस वर्षानं बसला हो मले एम!"

गजेंद्रला राहवलं नाही. नातं जुळलं होतं, आता तरी खरं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. वच्छलाबाई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "इवाई, ते काल माईकवर बोलले ना तुमी, ते पुन्हा कुठं बोलू नका हं. लोकाईले खरं वाटन!"