डी ड्राइव्हवरचे दिवंगत

नेव्हेना सहा वर्षं टोरांटोत शिकून बल्गेरियातल्या आपल्या डोंगराळ गावी परतली ती गावाचा इतिहास वाचवायला. वडिलांच्या फोटो स्टुडिओत गावाचे पन्नास वर्षांचे चेहरे असतील, त्यांचं संग्रहालय करू, असा तिचा बेत. प्रत्यक्षात स्टुडिओ चालत होता पुण्यस्मरणाच्या पत्रकांवर. तिथे माणूस गेला की त्याचा फोटो छापून भिंतींवर, खांबांवर, दारावर लावतात. मग चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. "पासपोर्टवाला दहा वर्षांतून एकदा येतो," तिचे वडील स्तामेन म्हणायचे. "गेलेलं गिऱ्हाईक मात्र पक्कं."

गेलेल्यांचे इतके फोटो, मग जिवंतांचे का नकोत? नेव्हेनानं जत्रेत शंभरेक जणांचे फोटो काढले आणि ते ठेवायला दुसरी हार्ड डिस्क आणली. स्तामेननी एकच अट घातली: पत्रकांचं काम एकदा जरी बिघडलं, तर डिस्क आणि संग्रहालय दोन्ही बाहेर.

कॉम्प्युटरनं नव्या डिस्कला ई हे अक्षर दिलं. नेव्हेनाला ते बोचलं. दिवंगत जुन्या डिस्कवर, म्हणजे डीवर ऐसपैस, आणि जिवंत माणसं त्यांच्या मागे? (अन्याय सहन करायचा नाही हे ती परदेशात शिकली होती, तेही भरपूर फी भरून.) तिनं अक्षरांची अदलाबदल केली. काही प्रोग्रॅम कदाचित चालणार नाहीत, असा इशारा पडद्यावर आला. तिनं बेलाशक 'हो' दाबलं.

इशारा खोटा ठरला. वडिलांचा पत्रकांचा प्रोग्रॅम उत्तम चालला. तो डीमधून नंबरप्रमाणे फोटो उचलायचा, आणि वडिलांच्या पद्धतीचा मान राखून नेव्हेनानंही आपल्या फोटोंना एकपासूनच नंबर दिले होते.

गीनामावशीच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. स्तामेननी सत्तेचाळीस नंबर टाकला, चाळीस प्रती काढल्या आणि चष्मा न लावता गावभर चिकटवून आले.

तासाभरात झाप्रियान न्हावी पत्रक घेऊन हजर. नाव गीनामावशीच्या नवऱ्याचं, फोटो झाप्रियानचा, हातात राकिया या गावठी दारूचा पेला. खाली मजकूर: तुझ्याविना घर सुनं झालं.

"पोरी, मला जाऊन वर्ष झालं," तो म्हणाला, "आणि बायकोनं अजून कळवलं नाही."

मागोमाग गीनामावशी आली. नेव्हेनानं एका दमात सगळं कबूल केलं: डिस्क, अक्षरं, सामाजिक न्याय. मावशीचं लक्ष फोटोकडेच होतं.

"माझ्या माणसाचा असा हसरा एकही नाही गं," ती म्हणाली. "शनिवारी कबरीपाशी तोच पासपोर्टचा लावायचा, चोर पकडल्यासारखा."

झाप्रियाननं पत्रकाकडे पुन्हा पाहिलं. "हा माझा जपून ठेव, पोरी. वेळ आली की हाच. दुसरा लावलास तर उठून येईन."

नेव्हेनानं डी दिवंगतांना परत केलं, पत्रकं नव्यानं छापली आणि दुपारभर बाप-लेकीनं जुनी खरवडली. एकोणचाळीसच सापडली, चाळिसावं झाप्रियाननं दुकानात आरशाशेजारी लावलं होतं. तिथून बातमी पसरायला कितीसा वेळ? संध्याकाळपर्यंत एकवीस जण जत्रेतला आपला फोटो बघून, पसंत करून गेले. दोघांना कोट घालून पुन्हा काढायचा होता. संग्रहालयाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. स्तामेन नावं लिहून घेत होते आणि डिस्क बाहेर काढायचं काही बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हेनानं कॉम्प्युटर सुरू केला. मग तिनं जत्रेतल्या फोटोंच्या 'आपलं जिवंत गाव' या फोल्डरचं नाव बदललं आणि लिहिलं: 'आगाऊ नोंदणी'.