परब सरांची खोटी गिऱ्हाइकं

परब सर माझ्या औषधांच्या दुकानात एका गोळीसाठी येतात आणि वहीत आठ जणांची मागणी लिहून जातात. त्यांतली सात माणसं जन्मालाच आलेली नाहीत.

तोंडवलीत माझ्याकडे नसलेलं औषध काउंटरवरच्या वहीत लिहायचं. गुरुवारी मी ते मालवणहून आणते. वही सगळा गाव वाचतो. सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाले, पण संशोधन सुटलं नाही. त्यांचं संशोधन असं, की नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्रात माहितीचे तुकडे आधीच साठवायचे, मग सगळ्यांच्या मागण्यांना मिळून सर्व्हरने एकच गुंफलेला संदेश धाडायचा; ज्याने त्याने आपल्याजवळच्या तुकड्यांवरून आपला भाग सोडवायचा. पण सोडवताना शेजाऱ्याने काय मागितलं तेही कळतं. सरांचा उपाय: खोटी गिऱ्हाइकं घुसवा. सगळंच कोणी ना कोणी मागत असलं, की खरं कोणाचं ते कळत नाही.

"तू सर्व्हर," माझ्या वहीवर तोच प्रयोग करताना ते मला म्हणत. "तुका म्हायत आसांदे. बाकीच्यांका नको."

मग वहीत 'गिऱ्हाईक चार: खरजेचं मलम'. खरूज कोणाला झाली या संशयाने गाव आठवडाभर एकमेकांपासून लांब बसला. मी वैतागले, पण खोडलं नाही. खरी मागणी एकच होती, स्मृती जाण्याच्या आजारावरची गोळी. ती सरांच्या बायकोची, सुमतीबाईंची. अर्ध्या गावाला पाढे शिकवलेली बाई. निदान झालं त्याच दिवशी तिने सरांकडून वचन घेतलं, कोणाक सांगा नको.

उपाय चोख निघाला. कोणालाच कळलं नाही. म्हणून परवा बाईंनी आपला जुना विद्यार्थी पांडू याला रस्त्यात थांबवून, माहेरी विजयदुर्गला जायचंय, एसटीत बसव, असं फर्मावलं, तेव्हा त्याने निमूटपणे कणकवलीच्या गाडीत जागा धरून दिली; विजयदुर्गची गाडी तिथे बदलायची. माहेरचं घर केव्हाच पडलंय. बाईंना उलट विचारायची पांडूची आजही छाती नाही.

संध्याकाळी त्या विजयदुर्गच्या वाटेवर, तळेऱ्याच्या नाक्यावर सापडल्या. अनवाणी.

काल सर दुकानात आले. चार-पाच जण होते, त्यांत मान खाली घातलेला पांडू. सरांनी वही बाजूला सारली.

"सुमतीची गोळी दी. विसरण्याच्या आजाराची."

मी सवयीने पाकीट कागदात गुंडाळू लागले.

"ऱ्हवांदे," सर म्हणाले. "जिच्यासाठी लपयलंय, तिकाच आता आठवणा नाय."

मग पांडूने चाचरत विचारलं, बाईंना बघायला येऊ का.

"ये. तुका ओळखता ती," सर म्हणाले. "माका कंडक्टर समजता. सकाळपासून तिकीट मागता."