अर्ध्यावर थांबलेला शोक

सकाळी नदीपलीकडच्या शाळेवर बॉम्ब पडला आणि दुपारी नगरपरिषदेची तातडीची सभा भरली. सभेचे सचिव निषेधाचे ठराव लिहिण्यात वाकबगार होते. 'अमानुष', 'भ्याड', 'माणुसकीला काळिमा' हे शब्द त्यांना झोपेतही सुचत. आज मात्र त्यांचा सगळा जीव फाटकाशी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकांत अडकला होता. त्यांची धाकटी मेहुणी छकू त्याच शाळेत शिकवायची आणि तिचा फोन लागत नव्हता. नियमाप्रमाणे, ठरावावर सही झाल्याखेरीज गाड्या हद्दीबाहेर जाऊ शकत नव्हत्या.

सहीपूर्वी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. तेवढ्यात उपाध्यक्षांचा फोन थरथरला. त्यांनी आलेला निरोप वाचला आणि ते हळूच खाली बसले.

"काय झालं?" अध्यक्षांनी ओठ न हलवता विचारलं.

"बॉम्ब बहुधा आपलाच होता."

काही सभासद बसले, काही उभेच राहिले. म्हातारे मधेच अडकले, कारण त्यांच्या गुडघ्यांना दोन्ही दिशा सारख्याच जड होत्या.

"म्हणजे हे हत्याकांड नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "सचिव, खोडा ते."

सचिवांनी 'अमानुष' खोडून 'अपरिहार्य' लिहिलं. "आणि गाड्या, साहेब?"

"आपणच पाडायचं आणि आपणच मलमपट्टी करायला धावायचं? लोक म्हणतील, चूक कबूल केली."

तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक सभेचे सन्माननीय सदस्य होते. त्यांनी घसा खाकरला. "मुळात निवाडा करणारे आपण कोण? क्रौर्य ही संकल्पनाच सापेक्ष आहे. प्रत्येक बाजूचं आपापलं सत्य असतं." आपल्या आज्या यालाच 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' म्हणायच्या, पण त्या बिचाऱ्यांना बैठकभत्ता मिळत नसे.

"ढिगाऱ्याखालच्या पोरांनाही असंच वाटत असेल का, सर?" सचिवांनी विचारलं.

"त्यांचा दृष्टिकोन मर्यादित आहे," प्राध्यापक म्हणाले. "ढिगाऱ्यामुळे."

सचिवांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे बायको होती. "अहो, निघाल्या का गाड्या? छकू आत आहे. लोकांना तिचा आवाज येतोय."

सचिव उभ्या हयातीत खोटं बोलले नव्हते. सभेत कुणी न उच्चारलेला एक शब्दही त्यांनी कधी इतिवृत्तात घातला नव्हता. त्यांनी फोन खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "वरून कळवलंय. बॉम्ब त्यांचाच होता."

सभा ताडकन उभी राहिली. 'अमानुष' परत आला. अध्यक्षांनी डोळे पुसले, राहिलेलं अर्धं मौन पाळलं आणि सही केली. गाड्या सुटल्या. अशा वेळी निवाडा टाळणं हाच गुन्हा आहे, असं प्राध्यापकांनी भरल्या गळ्यानं सांगितलं.

मेहुणी जिवंत निघाली. तिच्यासोबत बरीच पोरंही निघाली. काही निघाली नाहीत, आणि त्यांच्याबद्दल थट्टेत लिहिण्याइतकी लेखणी अजून निबर झालेली नाही.

आठवडाभरात तो फोन बायकोचा होता हे फुटलं. सचिवांच्या चौकशीसाठी पुन्हा सभा भरली.

"जीव वाचले ना, सर," सचिव म्हणाले. "वेळ तशी होती."

"खोटं ते खोटं," प्राध्यापक कडाडले. "नीतीला वेळकाळ नसतो."

सचिवांच्या बडतर्फीचा ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी बसून राहिलं असं कुणीच नव्हतं.

बॉम्ब खरोखर कोणाचा होता, हे आम्ही मुद्दामच सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र मघापासून तेवढ्याचीच वाट बघताय. कळलं असतं, तर त्या न निघालेल्या पोरांसाठी किती हळहळायचं ते ठरवायला बरं पडलं असतं.