साळवेकाकांची विहीर

दर मे महिन्यात एका सकाळी आमच्या गच्चीवर कोणीतरी असतं. चोर नसतो, कारण चोर गच्ची झाडून जात नाही.

हे साळवेकाका. आम्ही राहतो तो लेआउट त्यांनीच पाडला आणि घरंही त्यांनीच बांधून दिली. बाकीचे बिल्डर ताबा दिल्यावर फोन उचलत नाहीत, हे ताबा दिल्यावर गच्चीवरून उतरत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक छताचं पावसाचं पाणी पाइपातून वाळूच्या खड्ड्यात आणि तिथून गाळून मधल्या विहिरीत जातं. ते स्वच्छ जावं म्हणून पावसाळ्याआधी काका स्वतः खराटा घेऊन घरोघर चढतात. विचारायची पद्धत नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "काका, बेल तरी वाजवत जा."

"छत तुमचं हाये, पाणी विहिरीचं हाये," काका म्हणाले. "तुमाला कशाला उठवू?"

घ्या! बायको चहा टाकायला आत गेली.

जालन्यात नळाला पाणी कधी येणार हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. तरी इथं लेआउट पाडला की पहिलं काम जुनी विहीर बुजवण्याचं. तेवढ्यात दोन प्लॉट जास्तीचे निघतात, आणि जाहिरातीत स्विमिंग पूल लिहायला कोणाची ना नसते. शेजारच्या लेआउटच्या कमानीवर कारंजं होतं, जिम होती, इंग्रजी नाव होतं. काकांच्या फलकावर दोनच शब्द होते: विहीर आहे.

गिऱ्हाईक आलं की आधी विहिरीवर, प्लॉट नंतर. काका आत खडा टाकायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "ऐकलं? बराबर?" वडीगोद्रीहून एक डॉक्टर आले होते. त्यांनी खडा नीट ऐकला आणि विचारलं, "छान. ही बुजवणार कधी?" काकांनी त्यांना चहा पाजला, पोराबाळांची चौकशी केली आणि थेट हायवेपर्यंत पोचवून आले. "प्लॉट संपले," म्हणाले. तेव्हा एकही विकलेला नव्हता.

मी पास झालो, कारण मी भिऊन गप्प उभा होतो.

बायकोनं गच्चीत मिरच्या वाळत घातल्या तर काका खालून ओरडले, "बिलकुल न्हाई! विहिरीला ठसका लागंल!" बायको चिडली, पण मिरच्या खाली आल्या. समोरच्यांच्या कुत्र्याला तर कायमची गच्चीबंदी आहे. ते बिचारं काकांना पाहिलं की आपणहून जिना उतरतं.

तर या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मागच्या बाजूला सळईच्या कारखान्यातल्या मजुरांची पत्र्याची वस्ती आहे. तिकडं टँकर फिरकेना, म्हणून बाया घागरी घेऊन आमच्या विहिरीवर यायला लागल्या. काकांनी त्यांच्यासाठी आणखी एक रहाट बसवला. इकडं सोसायटीत कुजबुज सुरू झाली. पाणी पावसाळ्यापर्यंत पुरलं नाही तर?

सेक्रेटरींनी विहिरीच्या ओट्यावरच मीटिंग घेतली. येताना पिशवीत साखळी आणि कुलूप घेऊन आले. तसे ते भले गृहस्थ आहेत, प्रस्तावही भलाच होता. विहिरीच्या जाळीला कुलूप लावायचं. बाहेरच्या बायांनी लांब उभं राहायचं, विहिरीला हात लावायचा नाही. वॉचमन पाणी काढून त्यांच्या घागरीत वरून ओतेल. "यात शिस्तही आहे आणि माणुसकीही," सेक्रेटरी म्हणाले. हात वर झाले. माझाही झाला.

मला वाटलं, आता काका आकाशपाताळ एक करणार. ते ओट्यावर खाली बसले.

"आमच्या गावात हीच शिस्त व्हती," ते म्हणाले. "आम्ही बुद्धाचे झाल्तो, पर गावची विहीर आमची झाली न्हवती. माय घागर घेऊन लांब उभी राह्यची. कोन्ही येईल, कोन्ही वतंल. मी तिचा पदर धरून. दुपार होऊन जायची. माय कोणाला कायबी बोलत न्हवती, आन् मला लई राग यायचा. त्यांचा न्हाई. मायचा."



"मंग ही विहीर घेतली. मायला दाखवायची ऱ्हायली. ती आधीच गेल्ती." त्यांनी सेक्रेटरींकडं पाहिलं. "पाणी कमी हाये, मला कळतं. सगळ्यांनीच कमी घ्या, माझ्यापासून सुरू करा. पर कोण्या बाईला हितं उभं न्हाई करायचं."

माझी आई मीटिंगला आली होती ती वारा खायला. मोठ्या जमीनवाल्या घरातली लेक, आता गुडघ्यांनी बेजार. ती खुर्चीतून उठली, हळूहळू ओट्यापाशी गेली आणि काकांसमोर वाकून ओंजळ धरली.

"वता भाऊ पाणी."

मला काही कळेना. "आई, काय हे?"

"माहेरच्या विहिरीवर वरून वतायला मीच असायचे," आई म्हणाली. "लहान होते, पण वतायचे. आज तुम्ही वता."

काकांनी बादली शेंदली, तांब्या भरला. वाटलं, आता ओततील. पण ते हलेनात. मग त्यांनी आईची ओंजळ सोडवली आणि तांब्याच तिच्या हातात दिला.

"न्हाई, आक्का. हितं वरून कोणाला वतत न्हाईत."

आई तांब्याला तोंड लावून प्याली. मग तोच तांब्या भरून काका प्यायले. काका रडत होते. मला माझ्या वर केलेल्या हाताची फार लाज वाटली. सेक्रेटरींनी काही न बोलता साखळी परत पिशवीत घातली.

तेवढ्यात वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आल्या आणि एवढी गर्दी बघून फाटकातच थबकल्या. काकांनी बाहीनं तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "उभ्या कामून राह्यल्या? या की! घ्या काढून!"