दर्याराजाची हळद

"चौकटीबाहेर माशी जरी बसली ना शेठ, तरी तिला उचलून परत आत बसवीन!" बुधाजी म्हात्रेने छातीवर हात मारून सांगितलं. छातीवरचा हात मग सवयीने मिशीकडे गेला, पण मिशीवर मास्क होता. करोनाचं दुसरं वर्ष सरत आलं, तरी हे काही त्याच्या लक्षात राहत नसे!

रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीला लागून 'दर्याबाग' नावाचं पार्क आहे. दिवसा तिथे पाळणे, घसरगुंड्या आणि ओले होऊन खिदळणारे लोक. पण पार्कची खरी शान संध्याकाळी! मोठे दिवे मालवायचे, रंगीत कारंजी उडायची आणि बल्बांनी मढवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघायची. पुढे मासे, त्यांच्यामागे खेकडे आणि सगळ्यात शेवटी शिंपल्याच्या रथावर साक्षात दर्याराजा! हा दर्याराजा म्हणजे आपला बुधाजी. पार्क उघडल्यापासून तो मुकुट दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर चढलेला नव्हता. दिवसा तो पार्कातले पाण्याचे पंप बघायचा, पण गावात त्याला कुणी पंपवाला म्हटलेलं खपत नसे.

करोना आला आणि राजाचं राज्य गेलं. पुढे पार्क उघडलं, पण दिवसापुरतं आणि निम्म्या माणसांत. संध्याकाळी गर्दी एका जागी गोळा होते, म्हणून मिरवणूक बंदच. खेकडे झालेली माणसं मासळी विकू लागली, मासे झालेली रिक्षा चालवू लागली. बुधाजी रोज काम संपलं की रथावरची धूळ पुसायचा आणि मुकाट्याने घरी जायचा. त्याला वाईट वाटायचं. मनापासून वाईट वाटायचं.

आणि एके दिवशी पार्कचे मालक केतनशेठ हातातला फोन नाचवत आले. तालुक्याच्या सरकारी कचेरीतून साक्षीमॅडम मिरवणुकीची चाचणी बघायला येणार होत्या! लोक अंतर ठेवून, मास्क लावून बसतात हे त्यांना दिसलं, तर शो सुरू. गर्दी झाली, तर विषय संपला.

"आणि विषय संपला तर बुधाजीभाय, हा रथ मी भंगारात देणार हं," केतनशेठ म्हणाले. "क्यां सुधी, कुठवर सांभाळायचा?"

भंगारात! बुधाजीच्या काळजात चर्र झालं. त्यावरच त्याने ती माशीची प्रतिज्ञा केली.

लगेच कामाला लागला गडी. बाप-आजा मिठागरात राबलेले, त्यामुळे चौकोन आखणं रक्तातच होतं. अख्ख्या हिरवळीवर त्याने फक्कीने असे झकास चौकोन पाडले, की मिठाच्या वाफ्यांनीही लाजावं. एका चौकोनात एक घर. प्रेक्षक म्हणून पार्कातल्याच माणसांची मोजकी बिऱ्हाडं बसायची होती.

अडचण एकच निघाली. खाऱ्या हवेने स्पीकर खाल्ले होते. एक घूं करायचा, दुसरा तेवढंही करेना.

"त्यात काय? रघूचा बँड हाय ना!" बुधाजी म्हणाला.

रघूचा बँड म्हणजे आसपासच्या गावांतल्या झाडून सगळ्या हळदींचा बँड. आमच्या आगरी माणसाचं लग्न एक वेळ चुकलं तरी चालेल, हळद चुकता कामा नये! पण लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आल्यापासून रघूचं ताशा-ट्रम्पेट माळ्यावर पडलं होतं.

"दर्याची गाणी येतात ना रे?" बुधाजीने विचारलं.

"दादूस, वाजवाला सांग फकस्त!" रघू म्हणाला.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने तालीम केली. दोन वर्षांचा उपाशी बँड तो! पहिलं गाणं दर्याचं वाजलं. दुसऱ्या गाण्याला ट्रम्पेट आपोआप हळदीकडे वळलं आणि मग काही परत फिरलं नाही. खाडीवरून आवाज जातो, तो पार पलीकडच्या गावापर्यंत. तिथे लोक जेवता जेवता थांबले. पार्कात पिवळे दिवे लागलेले, रघूचा बँड वाजतोय, आणि बुधाजीची लेक कल्पिता लग्नाची झालीय. दोन अधिक दोन चार करायला कुणाला मास्तर लागत नाही!

बुधाजी घरी पोचला तेव्हा बायको फोनवर होती. तिचं नाव मैना.

"अगो न्हाय गो ताई, कसली हलद? कल्पिताचा काय न्हाय! शप्पत!" पेणच्या बहिणीला ती सांगत होती. फोन ठेवला, की दुसरा वाजला. मग तिसरा.

आता यातली मेख तुम्हाला सांगायला हवी. त्या दिवसांत ज्याच्या घरी हळद असायची, तो 'हळद नाही' असंच सांगायचा! पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून. त्यामुळे मैना जितक्या शपथा घेई, तितकी बातमी पक्की होई.

"मीच जाऊन सांगतो सगल्यांना," बुधाजी म्हणाला आणि सकाळी स्कूटर काढून घरोघर फिरला.

"उद्या... म्हंजे आज संध्याकाळी पार्कात कुनी यव नका हां! अजाबात गर्दी नको. पोलीस यतील. आन चुकून आलातच, तर मास्क डोल्यापर्यंत वर पायजे!"

आणि इथेच घोटाळा झाला. कारण गेली दोन वर्षं आमंत्रण करायची रीत हीच होती! दारात उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं आणि हळूच म्हणायचं, 'यव नका हां.' ज्याला खरंच बोलवायचं नाही, त्याच्या दारात कोण कशाला जाईल? बुधाजी मात्र सगळ्यांच्या दारात गेला होता. जातीने! लोकांचा ऊर भरून आला.

"करोनात पन घरी येऊन सांगून गेला. मानूस मोठा!" म्हणत बायकांनी पिवळ्या साड्या बाहेर काढल्या.

संध्याकाळ झाली. पार्कच्या मागच्या फाटकावर वॉचमन दादू बसला होता. त्याला नुकतीच ताप बघायची बंदूक मिळाली होती आणि तो तिच्यावर फिदा होता. केतनशेठनी त्याला बजावलं होतं, "ताप असेल त्याला आत सोडायचा नाही." कुणाला सोडायचं, हे सांगायचं राहून गेलं! त्यामुळे पिवळ्या साड्यांचा पहिला घोळका आला, तेव्हा दादूने कपाळांवर धडाधड बंदूक चालवली आणि ताप नाही म्हणून सगळ्यांना आत घेतलं. मग दुसरा घोळका. मग टेम्पोने आलेली माणसं.

बुधाजी तेव्हा रथाच्या मागे नटत होता. मास्क सक्तीचा, त्यामुळे दर्याराजाची मिशी झाकली जाणार म्हणून तो हिरमुसला होता. तिकीटखिडकीवरची रुचिका शोमध्ये रथावर त्याच्या शेजारी मत्स्यकन्या व्हायची. तिने काजळ घेतलं आणि मास्कवरच झुपकेदार मिशी काढून दिली.

"बुधाजीकाका, खरीपेक्षा भारी दिसते!" ती म्हणाली.

मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी मोत्यांच्या लडी सोडलेल्या होत्या. त्या गालांवर रुळल्या, रथावरचे पिवळे दिवे लागले आणि बुधाजीची छाती भरून आली. किती दिवसांनी! पुढच्या खेकड्याने चालता चालता डोळे पुसले. बुधाजीने मान वर केली. आज रथ असा न्यायचा, की मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या पाहिजेत!

रथ वळणावरून हिरवळीकडे आला आणि दर्याराजाला घाम फुटला.

हिरवळ पिवळी झाली होती! एकेका चौकोनात एकेक घर, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. पलीकडचं गाव, अलीकडचं गाव, आणि पेणची मेव्हणीसुद्धा! बाजूला खुर्चीवर साक्षीमॅडम बसलेल्या, आणि त्यांच्याशेजारी पांढरेफटक पडलेले केतनशेठ.

"मेलो!" दर्याराजा पुटपुटला.

गावाचे डोळे रथाकडे लागले होते. नवरी शोधत होते. नवरी दिसेना. दिसला तो गालांवर मोत्यांच्या लडी सोडलेला, पिवळ्या उजेडात न्हालेला नवरदेव, आणि त्याच्याशेजारी चकचकीत कपड्यांतली कोवळी पोर!

"नवरा कोन हाय गो?"

"बुधाजीच हाय! मिशी कापडावर काढली तरी वलखू येते!"

"अगो बाय! बापूस पोरीच्या आधी बोहल्यावर चढला!"

कुजबुज चौकोनाचौकोनांतून पसरत गेली. तुळशीआई उठून उभी राहिली. तुळशीआई म्हणजे आमची धवलारीण. धवले गाऊन लग्नं लावणारी. तिच्याशिवाय पंचक्रोशीत हळद लागत नाही.

"बुधाजी!" तिचा आवाज कारंज्यावरून गेला. "मैना जिती हाय ना रे?"

मैना चांगली जिती होती. पुढच्याच चौकोनात बसली होती. हा शो आहे, त्याच्याशेजारची पोर तिकीटखिडकीवरची रुचिका आहे, हे तिला ठाऊक होतं. पण आपलं गावही तिला ठाऊक होतं! एवढी कुजबुज आज अशीच घरी गेली, तर उद्या सकाळपर्यंत बुधाजीचं दुसरं लग्न लागून त्याला बाळही झालं असतं. ती उठली, पदर खोचला आणि सरळ रथावर चढली.

"उतर! चौकट सोडू नको, मॅडम बगतान!" बुधाजी मास्कमधून कळवळला.

"गाव तुजा दुसरा लगीन लावतंय, आन तुला चौकट सुचते?"

मैनाने दर्याराजाचा उजवा कान पकडला. मुकुट कलला. तिने त्याला तसाच गर्रकन लोकांकडे फिरवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नीट बगून घ्या! हा नवरा माजा हाय! आजूनपन माजाच हाय!"

मग शिट्ट्या! रघूला एवढं पुरे होतं. ट्रम्पेट सुटलं. तुळशीआईने राग गिळून धवला धरला, कारण एकदा जोडपं समोर उभं राहिलं की तिला राहवत नसे. बुधाजीच्या जागी पंपावर बसलेला पोरगा प्रणय गोंधळून सगळी कारंजी एकदम सोडून बसला. लाल, निळं, हिरवं पाणी उंच उसळलं आणि खाडी उजळून निघाली. लोक उठून नाचू लागले. कान मैनाच्या मुठीत असूनही बुधाजीने ते दृश्य डोळे भरून बघितलं. आपल्या पार्काइतकं सुंदर जगात काही नाही, असं त्याला तेव्हा वाटलं आणि ते खोटं नव्हतं.

शो संपला. साक्षीमॅडम खुर्चीतून उठून रथाकडे आल्या. केतनशेठ मागोमाग, देवाचं नाव घेत. बुधाजीने मुकुट काढून हातात धरला. रथ भंगारात चालला, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

"मी बाजार बघितले, लग्नं बघितली," मॅडम म्हणाल्या, "पण असं कुठे बघितलं नाही. इतकी माणसं, आणि नाचतानाही एकाने चौकट सोडली नाही! एकाच्या नाकावरून मास्क उतरला नाही! हे तुम्ही जमवलंत कसं?"

बुधाजीने आश्चर्याने हिरवळीकडे बघितलं. खरंच की! लोक अजूनही जागेवरच होते. फक्कीचे चौकोन बघून त्यांना पंगत मांडलीय असं वाटलं होतं. मटणाच्या पंगतीतली जागा सोडून उठेल, तो आगरी कसला? आणि मास्क? चोरून केलेल्या हळदीत पोलिसांच्या फोटोत कुणाला ओळखू यायचं होतं!

"शिस्त, मॅडम!" बुधाजीने छाती पुढे काढली. "आमच्या मानसांना पयल्यापासून शिस्तच तशी!"

"उद्यापासून सुरू करा. फक्त एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "ती राणी येऊन राजाचा कान धरते ना, तो प्रसंग काढायचा नाही. कमाल केली त्या बाईंनी!"

केतनशेठनी आनंदाच्या भरात सगळ्यांना कँटीनमधले वडापाव वाटले. ते मात्र महागात पडलं. म्हात्र्यांच्या हळदीला मटण नव्हतं, वडापाव होता, हे पेणपर्यंत गेलं आणि मैनाला त्याबद्दल अजून ऐकून घ्यावं लागतं.

पण मिरवणूक परत आली! खेकडे परत आले, मासे परत आले, संध्याकाळी खाडीत पुन्हा दिवे दिसू लागले. "हा शो मीच परत आनला," बुधाजी भेटेल त्याला सांगतो, आणि ऐकणारा मान डोलावतो. मग ऐकणाऱ्याची नजर फाटकावरच्या नव्या फलकाकडे जाते. त्यावर मैनाचा हा एवढा मोठा फोटो आहे. खालच्या कोपऱ्यात, नीट बघितलं तर, बुधाजीचा कानही दिसतो.

परवाच तो दोन पर्यटकांना सगळी हकिकत रंगवून सांगत होता. तोच रथाकडून नटूनथटून तयार असलेल्या मैनाची हाक आली.

"चला हो दर्याराजा, टाइम झाला! आन टोपी नीट सारून घ्या, आज डावा कान हाय!"