बापूकाकांचं ‘आलोच!’

बापूकाकांना फोन केला की ते एकच शब्द बोलत. "आलोच!" आणि रिसीव्हर खाली. आपण नुसतं "उद्या नारळ पाडायला गडी मिळेल का?" एवढंच विचारणार असतो, पण जरा वेळात धोतराचा सोगा सावरत, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून काका आपल्या ओटीवर हजर! "हां, आता बोल. तोंड दिसल्याशिवाय मला ऐकू येत नाही." त्यामुळे आमच्या आळीत काकांना फोन लावण्याआधी बायका चहाचं आधण ठेवायच्या.

दोन हजार तीन-चार साली आळीत पहिला मोबाईल मी घेतला. झालं! काकांनी मला धारेवर धरलं. "मेल्या, गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात ती हरवू नयेत म्हणून. तू कुठे हरवणार आहेस?"

"काका, अहो जग जवळ येतंय."

"हो का? मग समोर राहून महिनाभर माझी ओटी का नाही चढलास?"

मी मोबाईल खिशात घातला.

त्यांचा स्वतःचा फोन काकूंनी हट्टानं घेतलेला. तो तांदूळ धुवायच्या रोवळीखाली झाकलेला असे. "उघडा राहिला की सवय लागते," म्हणायचे. काकू गेल्या, लेक सुमन लग्न होऊन मस्कतला. ती दर रविवारी फोन करी. काका म्हणत, "बरा आहे. ठेव." बस्स!

एकदा तिनं रडवेल्या आवाजात मलाच फोन केला. "दादा, बाबा रागावलेत का रे माझ्यावर? आता फोनच करू नको म्हणाले."

माझं डोकंच फिरलं. रविवारी तावातावानं गेलो. "काका, पोटची पोर ती! दोन शब्द बोलायला काय जातं तुमचं?"

काका रोवळीवरून हात फिरवत राहिले. "दुसऱ्या कुणाचा फोन आला की मला उठून जाता येतं रे. हिच्याकडे कसा जाऊ? नुसता आवाज येतो. फोन ठेवला की घर खायला उठतं. त्यापेक्षा नकोच तो."

मला वाईट वाटलं. उगाच ओरडलो म्हाताऱ्यावर.

तेवढ्यात फोन वाजला. काका रिसीव्हर विंचवासारखा हातभर लांब धरत, त्यामुळे पलीकडचं सगळं ओटीभर ऐकू येई.

"बाबा, मी सुमन. ताप आलाय हो मला. तुमची फार आठवण येतेय."

"आलोच गो!" काकांच्या तोंडून निघून गेलं. एका पायात वहाणही सरकवली. दाराकडे निघाले आणि फोनची वायर ताणली तेव्हा थांबले.

पलीकडून सुमन म्हणाली,

"या बाबा. आधण ठेवते."

काका तसेच, एका पायात वहाण घालून, उंबऱ्यावर बसले. रिसीव्हर त्यांनी पहिल्यांदाच कानाला घट्ट लावला. "साखर कमी घाल गो," म्हणाले.

पुढचं मला काही ऐकू आलं नाही.